सुट्या भागांची जोडणी : संगणक-कार्यक्रम तयार करण्याची दृश्य पद्धत

संगणकाचा कार्यक्रम लिहिणे हे फक्त इंजिनिअरचे किंवा गणिताच्या पदवीधराचे काम आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. कला शाखेचा विद्यार्थी तर त्या वाटेला जातच नाही. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

थोडा इतिहास

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली 'बेसिक' ही संगणकभाषा तयार केली. विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हाच त्यामागील हेतू होता. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅक्इलरॉय यांनी दुसरा एक विचार मांडला. प्रत्येक कार्यक्रम पहिल्यापासून लिहीत बसण्याऐवजी, इतर उद्योगांप्रमाणे त्याचेही तयार सुटे भाग मिळाले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे दोन्ही विचार मायक्रोसॉफ्टने १९९१ साली बाजारात आणलेल्या 'व्हिज्युअल बेसिक'मध्ये एकत्र आले. त्यातील पडदा रचण्याची कल्पना मूळची अ‍ॅलन कूपर यांची होती.

घटक म्हणजे काय?

विजेचे बटण दाबले की दिवा लागतो. बटणाच्या आत काय आहे, हे आपण उघडून पाहत नाही. संगणकातील घटकाचेही तसेच आहे. बटण, मजकुराची चौकट, यादी, तक्ता असे घटक एका बाजूला मांडलेले असतात. माऊसने हवा तो घटक उचलावा व पडद्यावर हव्या त्या जागी ठेवावा. प्रत्येक घटकाच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) गुणधर्म – त्याचे नाव, रंग, आकार, त्यावरील अक्षरे.
२) कृती – सांगितल्यावर तो काय करू शकतो. उदा. यादीत नवे नाव घालणे.
३) घटना – त्याच्या बाबतीत काय घडते. उदा. बटण दाबले जाणे.

अमुक घटना घडली की काय करायचे, तेवढे चार ओळींत आपण लिहायचे. बाकीचे काम घटक बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते.

एक उदाहरण

सरळव्याजाचा कार्यक्रम घेऊ. मुद्दल, दर, वर्षे, व्याज व एकूण रक्कम यांसाठी पाच चौकटी आणि 'हिशेब करा' हे एक बटण एवढे पुरे. बटण दाबल्यावर पहिल्या तीन चौकटींचा गुणाकार करून त्याला १०० ने भागावे. मुद्दल १०,०००, दर ७ टक्के, मुदत ३ वर्षे. व्याज येते २,१००. उत्तर बरोबर आहे.

आता एकूण रकमेसाठी मुद्दल व व्याज या चौकटींमध्ये अधिकचे चिन्ह टाकले. उत्तर १२,१०० यायला हवे. प्रत्यक्षात येते १००००२१००, म्हणजे दहा कोटींच्याही वर! असे का व्हावे? चौकट हा घटक आतील आकड्यांना मजकूर समजतो. गुणाकार मजकुराचा होत नाही, म्हणून तेथे संगणकाने आकडे धरले. अधिकच्या चिन्हाने मात्र त्याने दोन मजकूर एकापुढे एक जोडले. 'व्हॅल' या आज्ञेने मजकुराचा आधी आकडा करून घेतला की बेरीज बरोबर येते.

दुसरी गंमत पूर्णांकाची. शाळेत आपण २.५ चे ३ करतो. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीतील 'राउंड' ही तयार आज्ञा २.५ चे २ करते, पण ३.५ चे ४ करते. अर्धा आला की जवळची समसंख्या घ्यावी, हा तिचा नियम. या रीतीला 'बँकर्स राउंडिंग' असेच नाव आहे. यात आज्ञेची चूक नाही. चूक तिचा नियम न वाचणाऱ्याची.

सावधगिरी

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियन-५' हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. 'एरियन-४' मध्ये उत्तम चाललेला कार्यक्रमाचा एक भाग त्यात तसाच घेतला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग बराच जास्त होता. तो आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. जुन्या जागी निर्दोष असलेला भाग नव्या जागी पुन्हा तपासावाच लागतो, हा त्यातील धडा.

समारोप

व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीची निर्मिती-साधने सांभाळणे कंपनीने २००८ मध्ये थांबवले. पद्धत मात्र टिकली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे २००७ साली आलेले 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचे साधन मोफत मिळते. त्यात लहान मुलेही आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून कार्यक्रम तयार करतात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, शाखेचे नाव पाहून मागे हटू नका. पडदा मांडणे दोन दिवसांत जमते. हिशेबाचा नियम नीट समजून घेणे, उत्तर आधी कागदावर काढणे आणि मग संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहणे, ही सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते. ती कोणत्याही घटकाबरोबर तयार मिळत नाही.