संकेतस्थळावरील ‘पान सापडत नाही’ ही सूचना आपल्या भाषेत कशी द्यावी

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या फुगवट्यामुळे इंदापूर तालुक्यातील पळसदेव गावास मूळ जागा सोडावी लागली. पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर आजही दृष्टीस पडते. जुन्या वाटेने आलेल्या पाहुण्यास मात्र पाणीच दिसावयाचे. गाव बुडाले नसून हलले आहे, हे सांगणारे कोणीतरी तेथे हवे. शाळेच्या संकेतस्थळाचेही असेच आहे.

समजा, ऊसतोडीसाठी बारामतीकडे आलेला पालक गतवर्षीचा जतन केलेला दुवा मोबाइलवर उघडतो. मध्यंतरी आपण त्या पानाचे नाव बदललेले असते. त्याच्यापुढे ‘४०४ नॉट फाउंड’ एवढेच इंग्रजी शब्द येतात. कमी पटाच्या शाळेविषयी आधीच शंका असते. त्यात हे पाहून ‘शाळा बंद पडली’ असा त्याचा ग्रह होणे अस्वाभाविक नाही. एका वस्तीवर मी हे उद्गार स्वतः ऐकले आहेत.

मागितलेले पान नसेल तर सर्व्हर ४०४ हा अंक पाठवितो. पान आहे पण पाहण्यास मनाई असेल तर ४०३. आणि सर्व्हरमध्येच बिघाड झाला तर ५००. अंकासोबत दिसणारा मजकूर मात्र आपणांस ठरविता येतो.

प्रथम मजकुराचे पान तयार करावे. ‘हे पान येथे नाही. शाळा नियमित सुरू आहे.’ अशी दोन वाक्ये ठळक असावीत. खाली शाळेचे नाव, गाव, तालुका, यूडायस क्रमांक, कार्यालयाचा दूरध्वनी आणि मुखपृष्ठाचा दुवा द्यावा. पानात यूटीएफ-८ ही अक्षरसंहिता नोंदवावी. अन्यथा देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हे उमटण्याचा संभव असतो. चित्रांचे पत्ते तिरप्या रेघेने सुरू करावेत. हे पान कोणत्याही चुकीच्या पत्त्यावर प्रकट होते, म्हणून अर्धवट पत्ते लागू पडत नाहीत. ५०० चे पान तर अगदी साधे ठेवावे. यंत्रणाच बिघडली असता तिच्याच आधाराने उभे राहणारे पान कसे दिसणार?

पान ‘४०४.एचटीएमएल’ या नावाने संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात ठेवावे. अपाची सर्व्हर असल्यास तेथील ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत एक ओळ घालावयाची: ‘एररडॉक्युमेंट ४०४ /४०४.एचटीएमएल’. (येथे देवनागरीत छापले असले तरी संगणकावर अक्षरे व आकडे रोमन लिपीतच टंकावेत.) त्या फाइलीची प्रत आधी काढून ठेवावी, एका अक्षराची चूक संपूर्ण संकेतस्थळावर ५०० आणू शकते. सीपॅनेल असल्यास ‘एरर पेजेस’ या विभागातून हेच काम होते. इतर सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीस विचारावे.

पुष्कळांकडून येथे एक चूक होते. त्या ओळीत ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण पत्ता लिहिला, तर सर्व्हर वाचकास दुसरीकडे पाठवितो आणि ४०४ हा अंक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग गूगलसारखी शोधयंत्रे चुकीचा पत्ताही खरा समजू लागतात.

पान नष्ट न होता केवळ हलले असेल, तर क्षमायाचनेपेक्षा वाट दाखविणे इष्ट. त्याच फाइलीत ‘रिडायरेक्ट ३०१’ लिहून पुढे जुना व नवा पत्ता दिला की पालक थेट नव्या पानावर जातो. प्रवेश व शिष्यवृत्ती यांच्या पानांसाठी हे अवश्य करावे.

शेवटी पडताळणी. मुद्दाम चुकीचा पत्ता टंकून पाहावा. संगणकावर एफ-१२ कळ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा, पान पुन्हा मागवावे आणि पहिल्या ओळीतील अंक ४०४ च आहे ना, हे पाहावे. त्याच पत्त्याची एकदा मोबाइलवरही परीक्षा घ्यावी, कारण बहुतेक पालक तेथूनच येणार.