त्या मुलीला परत बोलाव

मिरज

चि. ओंकार,

परवा तुझी आई दवाखान्यातून परत जाताना इकडे थांबली होती. चहा घेता घेता म्हणाली, तुझ्या शेडमधली जतची ती मुलगी राजीनामा लिहून बसली आहे आणि तिथल्या रफीकचाचांना तू शनिवारच्या बैठकीला बोलावणं बंद केलं आहेस. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. फोनवर तू 'हो आत्या, बघतो' म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहिते आहे.

डिझाइनच्या टेबलाशी आता तू आणि तुझ्या हॉस्टेलचे चौघे, एवढेच असता म्हणे. कामाला वेग आलाय असंही ऐकलं. येणारच. पाचही जण एकाच वर्गात बसलेले, त्याच मास्तरांकडे शिकलेले, एकाच मेसमध्ये जेवलेले. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला पुढचं कळतं. मला भीती वाटते ती त्याचीच.

अरे, तू यंत्र करतोयस भांगलणीचं. आपल्याकडे भांगलण करतात बायका, दिवसभर उन्हात वाकून. तुम्हा पाच जणांपैकी एकानं तरी कधी एक सरी भांगलली आहे का? ती मुलगी शाळेच्या प्रत्येक सुट्टीत आईबरोबर रोजगारावर जायची, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. पहिल्या नमुन्याचा दांडा चार बोटं उंच झालाय आणि मूठ बाईच्या तळव्यात मावत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी दाखवलं. बांध आला की यंत्र उचलावं लागतं, हेही तिनंच सांगितलं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये बांध नव्हताच! मग चाचांनी दोन दिवस खपून दांड्याला वरखाली सरकणारा क्लॅम्प बसवून दिला. आज गिऱ्हाईक त्या क्लॅम्पचंच नाव काढतं. आणि तीच दोघं आता बैठकीबाहेर?

जयपूर फूट तुला माहीत आहे, पण तो झाला कसा हे कधी वाचलं आहेस का? जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन होते, विलायतेहून एफआरसीएस होऊन आलेले. तिथेच रामचंद्र शर्मा रुग्णांना हस्तकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा जेमतेम झालेली, पण हात घराण्यातल्या कारागिरीत तयार झालेला. तेव्हाचा कृत्रिम पाय बुटात घालून वापरायचा. तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, ओल्या शेतात उतरता येत नसे. माणसं घरी जात, पाय कोपऱ्यात ठेवत आणि पुन्हा कुबड्या घेत. मास्टरजींना आपली माणसं अनवाणी कशी वावरतात, जमिनीवर कशी बसतात हे ठाऊक होतं. भार कुठे पडतो, पाऊल कुठे आणि किती वळायला हवं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. रबर तापवून पक्कं करण्याचं काम टायर दुरुस्त करणाऱ्या दुकानात झालं. किती नमुने फुकट गेले असतील! पण १९६८ च्या सुमारास जो पाय उभा राहिला, तो बुटाशिवाय चालणारा, मांडी घालू देणारा, चिखलात उतरणारा होता. डॉक्टर एकटे असते तर बुटातलाच पाय सुधारत बसले असते, असं मला मनापासून वाटतं. आणि मास्टरजी एकटे असते तर पाय दिसायला देखणा झाला असता, पण चार पावलांत मोडला असता.

यातली एक गोष्ट मला सलते, तीही सांगते. १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. त्यांचं काम त्या तोलाचं होतंच. पण मास्टरजींचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? तुझ्या माहितीपत्रकावर त्या क्लॅम्पखाली कुणाचं नाव आहे, ते जरा काढून बघ.

लांब कशाला, आपली किर्लोस्करवाडी बघ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेचे विद्यार्थी, रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. १९१० साली कुंडलच्या माळावर लोखंडी नांगराच्या कारखान्यासाठी त्यांनी जी माणसं जमवली त्यांत शाळा अर्धी सोडलेले, पण यंत्रात डोकं चालणारे अनंतराव फळणीकर होते. हिशेबाला मंगेशराव रेगे. आणि पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्याबद्दल शिक्षा झालेले. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं त्या काळी शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. तुझी यंत्रं पहिल्या हंगामात गेली ती कुणामुळे, याचा विचार कर.

वेगवेगळी माणसं एका टेबलाशी बसली की खटके उडणारच. चाचा पुटपुटत राहतात, ती मुलगी तोंडावर बोलते, बैठक लांबते, तुझ्या मित्रांना ते वेळ घालवणं वाटतं. पण त्या दोघांना नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलंस तरी उपयोग नाही. त्यांचं म्हणणं ऐकून ड्रॉइंग बदलायची तयारी हवी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नाआधी मी एका स्टोव्हच्या कारखान्यात ट्रेसर होते, हे तुला ठाऊक आहे. ड्रॉइंग ऑफिसात मी एकटीच बाई. नव्या मॉडेलचं ड्रॉइंग ट्रेस करताना दिसलं, पंपाची मूठ बर्नरच्या इतकी जवळ आली होती की पेटत्या स्टोव्हला हवा भरताना बोटं भाजणार. त्या खोलीतल्या एकाही पुरुषानं घरी स्टोव्ह पेटवला नव्हता. मी सांगितलं. हेडड्राफ्ट्समन म्हणाले, "बाई, तुम्ही रेघा मारा." मी रेघा मारल्या. स्टोव्ह बाजारात गेले आणि परत आले. थेट साहेबांच्या केबिनमध्ये जायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही. लग्नानंतर पुन्हा ड्रॉइंग बोर्डासमोर बसायचं राहूनच गेलं. माझी पेनं अजून कपाटात आहेत. ती मुलगी राजीनामा लिहून बसली आहे हे ऐकलं, तेव्हा मला माझी ती खोली आठवली रे.

फार बोलले का? तू मनानं वाईट नाहीस, हे मी तुला सांगायला हवं का? दादा गेल्यावर चोवीस वर्षांच्या पोरानं कर्जासकट शेड अंगावर घेतली. भोवती आपली, ओळखीची माणसं असली की धीर येतो, हे मला कळतं. ते मित्र राहू देत. कष्टाळू आहेत, परवा तुझ्या आईला दवाखान्यात त्यांच्यातलाच एक घेऊन आला होता. फक्त दोन खुर्च्या वाढव. आणि मुलीकडे निरोप पाठवू नकोस, स्वतः जा.

रात्री शेडमध्येच झोपतोस असं ऐकते. पंख्याखाली ओल्या अंगानं झोपू नकोस, तुझी छाती लहानपणापासून नाजूक आहे. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट तुझ्या आईबरोबर दिलंय. चाचांना तिखट सोसत नाही, त्यांच्यासाठी लहान बरणी वेगळी भरली आहे. आणि तिच्याशी बोलणं झालं की मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी कर, मी जागीच असते.

तुझी,
आत्या