ऊसतोडीच्या कोपीवरील बॅटरी : अशक्तपणाची परीक्षा

दसरा-दिवाळी उलटली की शेवगाव व पाथर्डी तालुक्यांतील ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेस लागतात. पुढील चार-पाच महिने त्यांचा संसार फडालगतच्या कोपीत चालतो. तेथे वीज बहुधा नसते. म्हणून पुष्कळ टोळ्या एक सोलर प्लेट व १२ व्होल्टची बॅटरी बरोबर नेतात. उसात बिबट्याचे व विंचूकाट्याचे भय असते आणि बायाबापड्यांना पहाटे अंधारातच उठावे लागते. तेव्हा हा दिवा चैनीची वस्तू नव्हे.

दिवा लवकर मंदावू लागला की मुकादमाकडून आणखी उचल घेऊन नवी बॅटरी आणावी, असे प्रथम मनात येते. कर्ज वाढविण्यापूर्वी पुढील परीक्षा अवश्य करावी. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यात जमाखर्च ताळण्यात गेली. बॅटरीचा हिशेबही तसाच आहे. शिल्लक कमी पडण्याची कारणे चारच : जमा थोडी, खर्च फार, वाटेत गळती, अथवा तिजोरीच निकामी.

शिल्लक. प्लेट उन्हात असता किंवा दिवा जळत असता घेतलेला आकडा फसवा असतो. सूर्यास्तानंतर तारा सोडवून बॅटरी दोन-तीन तास स्वस्थ ठेवावी व मग मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी.

जमा. ४० वॅटची स्वच्छ प्लेट हिवाळ्यातील चांगल्या उन्हात दिवसाकाठी सुमारे ९ अँपिअर-तास जमा करते. प्लेटचे तोंड दक्षिणेकडे असावे, धूळ रोज पुसावी. कोपऱ्यावर पडलेली सावलीही जमा फार घटविते.

खर्च. १० वॅटचा दिवा पाच तासांत सुमारे ४ अँपिअर-तास खातो. एक मोबाईल पूर्ण भरण्यास दीड-दोन लागतात. आमच्या माहितीतील एका टोळीत दोन दिवे व सहा मोबाईल एकाच बॅटरीवर होते. म्हणजे जमा ९ व खर्च २० च्या घरात! बॅटरी निर्दोष होती. मोबाईल चालत्या ट्रॅक्टरवर भरू लागताच दिवे पूर्ववत रात्रभर पुरू लागले.

गळती. खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास तारा काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावे. सोडा झाकणांतून आत जाऊ देऊ नये. मग तारा घट्ट आवळून व्हॅसलीन लावावे. त्यानंतर दिवा लावून खुंट्यांवर व दिव्यापाशी मीटर धरावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर आढळल्यास दोष तारेत किंवा सांध्यात आहे.

तिजोरी. एवढ्याने दोष न सापडल्यास बॅटरी पूर्ण भरावी व हायड्रोमीटरने सहाही घरे तपासावीत. पाच घरांत १.२५० व एकात १.१८० दिसले, तर ते घर गेले. हायड्रोमीटर नसल्यास भरलेल्या बॅटरीवर एकच दिवा दोन तास जाळावा. तेवढ्यात आकडा ११.५ च्या खाली उतरल्यास मात्र नवी घेणे भाग आहे.

झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार शिशाच्या पट्ट्या बिघडवितात. भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती पाचटाच्या कोपीत न ठेवता बाहेर आडोशाला ठेवावी, जवळ विडी ओढू नये. तेजाब डोळ्यात उडाल्यास भरपूर पाण्याने धुऊन तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

ही सर्व परीक्षा गाव सोडण्यापूर्वीच, कोयत्यांना धार लावण्याच्या दिवसांत उरकावी. तेव्हा दुकान व मिस्त्री दोन्ही जवळ असतात, आणि उचलीवर नवा आकडा चढविण्याची घाई नसते.