रानकुत्र्यांची शीळ

ताडोबा, मेळघाट, नागझिरा या जंगलांलगतच्या गावांत शेळी मारली गेली की दोष पुष्कळदा कोळसुंद्यांवर, म्हणजेच रानकुत्र्यांवर येतो. वास्तविक तांबूस अंगाचे व काळ्या झुपकेदार शेपटीचे हे जनावर गावकुत्र्याप्रमाणे भुंकत राहत नाही. त्याची ओळख शिळेवरून पटते.

शिकारीमागे धावताना कळप दाट झाडीत पांगतो व एकमेकांस दिसेनासा होतो. अशा वेळी पांगलेली जनावरे पुन्हापुन्हा शीळ घालतात व त्या आवाजाच्या रोखाने एकत्र जमतात. प्रत्येकाची शीळ किंचित निराळी असते, असे ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासातून आढळून आले आहे. धोक्याचा इशारा मात्र वेगळाच; तो कर्कश व किंचाळल्यासारखा असतो.

हा प्राणी मुख्यत्वे दिवसा, विशेषतः सकाळी व सायंकाळी शिकार करतो. तेव्हा मध्यरात्री भुंकत वाड्यात शिरलेली कुत्री बहुधा गावातील मोकाट कुत्रीच समजावीत. चराईच्या वेळी शीळ ऐकू आल्यास गुराख्याने शेळ्या व वासरे एकत्र करून मोकळ्या माळाकडे वळवावीत.

मेलेल्या जनावरावर विष टाकण्याची खोड काही ठिकाणी आहे. ते विष वाघ, गिधाडे व गावची कुत्री यांच्याही पोटात जाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये रानकुत्रा संरक्षित असल्याने तो गुन्हा ठरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने वनरक्षकास तत्काळ कळवावे व पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू देऊ नये.