भिलाईतला मार्च

आमच्या गावात मार्चमध्ये दोन वर्षं एकदम संपतात. एक शाळेचं, एक कारखान्याचं. ३१ मार्चच्या आत पोलादाचा वर्षाचा आकडा गाठायचा असतो, त्यामुळे मुलांचे बाबा त्या दिवसांत घरी येतात ते दमूनच. मी शाळेत शिकवते. माझ्यापुढे नेमके तेव्हाच तपासायचे गठ्ठे, गुणांच्या याद्या आणि निकाल असतात. त्यातच घरची मुलं परीक्षेला बसलेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून हे गाव तीन शिफ्टांत जगतं: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. भट्टी विझवून सुटी घेता येत नाही. माझे सासरे साठच्या दशकात नागपूरकडून इथे नोकरीला आले. आमच्या घरात कोण कधी जेवणार आणि कोण कधी झोपणार, हे तेव्हापासून भट्टीच ठरवते.

थोरली २०२३ मध्ये बारावीला होती. करोनामुळे २०२१ मध्ये सीबीएसईनं दहावीची परीक्षाच रद्द केली होती, म्हणून तिचं पहिलं बोर्ड थेट बारावीचं. त्या वर्षी आमचं बरंच चुकलं, काही वेळेत सावरलं. त्यातून हातात राहिलं ते लिहिते.

१. सगळ्यांच्या तारखा एकाच कागदावर

बोर्डाचं वेळापत्रक प्रत्येक घरात भिंतीवर असतं. आमच्याकडेही होतं, पण फक्त थोरलीचं. धाकट्याची वार्षिक परीक्षा, बाबांच्या शिफ्टा, माझी निकालाची शेवटची तारीख, सासूबाईंची दवाखान्याची फेरी, हे सगळं ज्याच्या त्याच्या डोक्यात. मग थोरलीच्या केमिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी कळलं की धाकट्याला उद्या मॉडेल न्यायचं आहे, घरात थर्माकोल नाही आणि बाबा सेकंड शिफ्टला गेलेत. त्या रात्री सगळेच एकमेकांवर ओरडले. चूक कुणाचीच नव्हती. आता जानेवारी संपायच्या आत फ्रीजवर एकच मोठा कागद लागतो आणि त्यावर घरातल्या पाचही जणांच्या तारखा असतात. आजीच्या गोळ्या संपायची तारीखसुद्धा.

२. आधी झोप, मग अभ्यास

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस आतल्या खोलीत खिडकीला चादर लावून झोपतो आणि बाहेरच्या खोलीत मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते. दिवसा तिनं कुजबुजतही पाठांतर करायचं नाही, म्हणून ती रात्री जागायला लागली. आधी एक वाजेपर्यंत, मग दोन, मग तीन. मला त्याचं कौतुकच वाटायचं. मी तिला रात्री कॉफी करून द्यायचे. जानेवारीत फिजिक्सच्या प्री-बोर्डाचा पेपर हातात आला तेव्हा पाहिलं, तीन गणितांत तिनं प्रश्नातला आकडाच चुकीचा उतरवून घेतला होता. रीत बरोबर, सूत्र बरोबर, आकडा भलताच. अभ्यास कमी नव्हता, झोप कमी होती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. माझी मुलगी साडेचार तास झोपत होती, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

मग आम्ही चौघं बसलो आणि घराची झोप ठरवली. ज्या आठवड्यात बाबांची नाइट, त्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या सकाळी आठच्या आत आणि मिक्सर दुपारी दोननंतर. पाठांतर करायचं तर शेजारच्या वहिनींच्या रिकाम्या व्हरांड्यात. त्यांनी आनंदानं किल्ली दिली. साडेअकराला दिवे बंद. सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, माझाही. सासूबाईंचा आग्रह होता की पहाटे चारला उठून केलेला अभ्यास डोक्यात राहतो. त्यांच्या काळी मुलं नऊला झोपत, तेव्हा ते खरं असेलही. पण या वयात शरीराचं घड्याळच उशिरा झोपायचं आणि उशिरा उठायचं होतं. साडेअकराला झोपलेल्या मुलीला चारला उठवणं म्हणजे तिची झोप चोरणं. सीबीएसईचा पेपर साडेदहाला सुरू होतो आणि सव्वादहाला प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. म्हणून आम्ही सुटीच्या दिवशी सराव पेपर बरोबर त्याच वेळी सोडवायला लावले. डोकं त्या वेळी ताजं असायला हवं, पहाटे चारला नव्हे.

दोन आठवड्यांत तिची चिडचिड गेली. मार्क किती वाढले ते सांगत नाही, कारण ते त्यामुळेच वाढले असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ती पुन्हा हसायला लागली, हे मी सांगू शकते.

३. दिवसातलं एक जेवण सगळ्यांचं

रात्री सगळ्यांनी एकत्र जेवावं, हा सल्ला शिफ्टच्या घराला उपयोगाचा नाही. बाबा सेकंडला असले की साडेदहानंतर येतात. म्हणून आमचं एकत्र जेवण आठवड्यागणिक बदलतं. फर्स्ट शिफ्टला दुपारचं, अडीच-तीनला. सेकंडला सकाळचा नाश्ता. नाइटला रात्रीचं, आठ वाजता. त्या अर्ध्या तासात परीक्षा हा शब्द काढायचा नाही. आधी अवघड गेलं, कारण दुसरा विषयच सुचेना. मग बाबा कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागले. भारतीय रेल्वेचे रूळ याच गावात बनतात हे मुलांना शाळेत कळलं होतं, पण तापून लाल झालेला रूळ मिलमधून पळताना कसा दिसतो ते त्यांनी पहिल्यांदा या टेबलावर ऐकलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी छत्तीसगढी. थोरली ताट ढकलून पुस्तक घेऊन बसली की त्या म्हणायच्या, "पहिली खा ले बेटी, पाछू पढ़बे." उन्हाळा लागला की त्यांच्याच सांगण्यावरून आमच्याकडे बासी होते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी दही, मीठ आणि कांद्याबरोबर. पेपरच्या दिवशी बदाम आणि तूप पोटात कोंबण्यापेक्षा हे हलकं खाणं पोरीला मानवलं.

४. ज्याचं बोर्ड नाही, त्याच्याकडेही बघा

हे लिहिताना अजूनही गलबलतं. धाकटा तेव्हा सातवीत होता. टीव्ही बंद, मित्र घरी आणायचे नाहीत, चेंडू आपटायचा नाही, ताईला दूध आधी. तो काही बोलला नाही, त्यामुळे आम्हाला वाटलं की त्यानं सगळं समजून घेतलंय. एका रात्री मी गठ्ठा तपासत होते. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी बोर्डात गेलो की मग तू माझ्याशी बोलशील ना?"

मी पेन खाली ठेवलं. पुढच्या रविवारी बाबा फक्त त्याला घेऊन मैत्रीबागेत गेले. पांढरे वाघ पाहिले, भेळ खाल्ली, उन्हं उतरल्यावर परत आले. खर्च किरकोळ. पण त्यानंतर रोज रात्रीची पंधरा मिनिटं त्याची ठरली. ती माझ्या निकालपत्रकांमुळेही कधी रद्द झाली नाहीत.

५. झालेला पेपर घरात आणायचा नाही

संध्याकाळपर्यंत फोनवर उत्तरांच्या याद्या फिरायला लागतात. त्या उघडायच्या नाहीत. नातेवाइकांचा "कसा गेला?" हा फोन आईबाबांनीच घ्यायचा.

६. सण रद्द करू नका, लहान करा

त्या वर्षी गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि बोर्ड ५ एप्रिलपर्यंत चालणार होतं. यंदा गुढी नको, असं मी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनी ऐकलं नाही. सकाळी सातला गुढी उभी राहिली, कडुलिंबाची पानं सगळ्यांनी तोंडं वाकडी करून खाल्ली, श्रीखंड दुकानातलं आणलं. नऊ वाजता थोरली पुस्तकापाशी. दोन तासांत सण झाला, आणि घराला घरपण आलं.

त्याच दिवसापासून चैत्र नवरात्र. आमच्या जीई रोडवरून त्या नऊ दिवसांत डोंगरगडच्या बमलेश्वरीला माणसं पायी जातात आणि रस्त्यात जागोजागी त्यांच्यासाठी पाण्याचे, फराळाचे मंडप लागतात. एका संध्याकाळी थोरली म्हणाली, तासभर तिथे पाणी द्यायला जाऊ का? मी नाही म्हणणार होते. ती जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. "आई, एका आजीच्या पायाला फोड आले होते, तरी ती हसत होती." महिनाभर फक्त स्वतःचाच विचार करावा लागलेल्या मुलीला एक तास दुसऱ्या कुणाचा विचार करायला मिळाला होता.

७. मदत मागायची

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या जिन्यात मला चक्कर आली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं नीट कधी जेवलात? मला आठवेना. सगळ्यांच्या झोपेचा हिशेब ठेवणारी मी माझी झोप त्यात धरलीच नव्हती.

भिलाईला लोक छोटा भारत म्हणतात. आमच्या ओळीत तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळी घरं. सगळीकडे शिफ्ट, सगळीकडे परीक्षा. मी आजारी पडल्यावर समोरच्या तेलुगू अक्कांनी आठवडाभर इडल्या पाठवल्या. मग आम्ही तीन घरांनी ठरवूनच टाकलं: सोमवार-मंगळवार मुलांना शाळेतून आणायचं काम यांचं, पुढचे दोन दिवस त्यांचं, मग आमचं. बाबांनी गणवेशाची इस्त्री आणि डबे अंगावर घेतले. तेव्हापासून ते कायमचं त्यांच्याकडे आहे.

८. शेवटची समजता ती तारीख शेवटची नसते

२०२३ मध्ये बोर्ड ५ एप्रिलला संपलं आणि ६ एप्रिलपासून जेईई मेनचं दुसरं सत्र सुरू झालं. घरापासून काही किलोमीटरवर कुटेलाभाटाला आयआयटी आहे. त्यामुळे इथल्या मुलांना ते स्वप्न रोज जाता-येता दिसतं, आणि टोचतंही. शाळेचं नवं सत्रही १ एप्रिललाच लागतं: नवी पुस्तकं, नवी फी, त्यात बेचाळीस अंशांचं ऊन. २०२५ मध्ये उन्हामुळे राज्य सरकारला उन्हाळी सुटी १ मेऐवजी २५ एप्रिललाच द्यावी लागली. धाकटा २०२६ च्या दहावीच्या तुकडीतला. या तुकडीपासून फेब्रुवारीची परीक्षा सक्तीची आणि हवी त्याला मेमध्ये पुन्हा तीन विषयांपर्यंत संधी. संधी चांगली आहे. पण मुलानं मागितली तर, आईबाबांच्या हौसेसाठी नव्हे. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि पुढची तयारी यांच्यात निदान तीन दिवस पूर्ण मोकळे हवेत, हे आम्ही कागदावर लाल पेनानं लिहून ठेवलं.

९. दोन नंबर

शिक्षिका म्हणून मी शिकत आले आहे की घाबरलेलं मूल नेहमी रडत नाही. ते जेवण टाकतं, मित्रांचे फोन घेत नाही, आवडत्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतं, किंवा सहज बोलल्यासारखं म्हणतं, "मी नसते तर बरं झालं असतं." हे वाक्य ऐकलं की हातातलं काम टाका आणि त्याच्याजवळ बसा. उपदेश करू नका, ऐका, आणि त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे. सीबीएसई १९९८ पासून परीक्षेच्या दिवसांत मुलांना आणि पालकांना समुपदेशन देतं, त्याचा क्रमांक १८०० ११ ८००४. आमच्या फ्रीजवरच्या कागदाच्या तळाशी हे दोन्ही लिहिलेले आहेत. तुमच्या घरात यंदा कुणी परीक्षेला बसत असेल, तर तेही आजच लिहून ठेवा, मुलांना दिसतील असे.