एक चालक, दोन रेडिओ

सरकारी परीक्षा देऊन व परवाना मिळवून जो मनुष्य केवळ हौसेखातर स्वतःच्या घरांतून परमुलुखांतील आपल्यासारख्याच हौशी लोकांशीं बिनतारी संभाषण करतो, त्यास 'हॅम' असें म्हणतात. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक संकेतनाम मिळतें. या हौशी चालकांच्या स्पर्धाहि भरतात. त्यांत एकच मनुष्य एकाच वेळीं दोन रेडिओ कसे चालवितो, व त्या कामीं संगणक त्यास काय साह्य करतो, हें विद्यार्थी मित्रांस थोडक्यांत समजावून सांगण्याचा येथें विचार आहे.

उदाहरणार्थ 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही स्पर्धा घेऊं. मोर्स लिपींतील तिचा भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं असतो. ती ४८ तास चालते. आपल्या घड्याळाप्रमाणें शनिवारीं पहाटे साडेपांचला सुरू होऊन सोमवारीं पहाटे साडेपांचला संपते. स्पर्धेसाठीं जगाचे ४० विभाग केलेले असून त्यांत भारत २२ व्या विभागांत येतो. दोन चालकांनीं एकमेकांचें संकेतनाम ओळखून ध्वनीच्या स्पष्टतेचा आंकडा व आपापला विभाग कळविला, कीं एक संभाषण पुरें झालें.

आतां गुणांचा हिशेब पाहूं. भारतीय स्पर्धकास दुसऱ्या खंडांतील केंद्राशीं झालेल्या संभाषणाचे ३ गुण व आशियांतील अन्य देशाशीं झालेल्याचा १ गुण मिळतो. शिवाय १६०, ८०, ४०, २०, १५ व १० मीटर अशा प्रत्येक पट्ट्यावर नवा देश किंवा नवा विभाग साधला, कीं गुणक वाढतो. आणि शेवटीं एकूण गुणांस एकूण गुणकांनीं गुणावयाचें असतें. समजा, एकाचे १,२०० गुण व १०० गुणक झाले. त्याची बेरीज १,२०,००० होईल. आणखी एक साधें तीन गुणांचें संभाषण केल्यास त्यांत ३०० ची भर पडेल. परंतु त्याच संभाषणानें एक नवा देशहि मिळाला, तर १,२०३ गुणिले १०१ म्हणजे १,२१,५०३ होतात. भर १,५०३ ची, जवळजवळ पांचपट! म्हणूनच नवे देश शोधण्यास एवढें महत्त्व आहे.

पण शोधावयास वेळ कोठून आणावा? 'सीक्यू', म्हणजे 'कोणीहि उत्तर द्यावें', ही हाक मोर्स लिपींत पाठविण्यास सुमारें पांच सेकंद लागतात. तेवढा वेळ चालकाचे कान रिकामे असतात. अशी हाक ७२० वेळां दिली, तर पुरा एक तास न ऐकतां गेला! हाच रिकामा वेळ दुसरा रेडिओ उपयोगांत आणतो. तो वेगळ्या पट्ट्यावर व वेगळ्या अँटेनास जोडलेला असतो. पहिल्याच्या जोरदार लहरींनीं दुसऱ्याचा ग्राहक बधिर होऊं नये किंवा बिघडूं नये, म्हणून मध्यें योग्य फिल्टर बसवावे लागतात. एका रेडिओचा आवाज डाव्या कानांत व दुसऱ्याचा उजव्या कानांत येतो.

पूर्वीं नोंदी कागदावर होत. १९८० नंतरच्या दशकांत संगणकावर नोंद ठेवण्याचे प्रोग्राम आले. आज 'एन-वन-एम-एम' हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम फार प्रचारांत आहे. त्यांत प्रत्येक रेडिओसाठीं पडद्यावर एक स्वतंत्र खिडकी असते. संकेतनाम टाइप करतांच या केंद्राशीं या पट्ट्यावर पूर्वीं संभाषण झालें आहे काय, व नवा गुणक मिळेल काय, हें तो तत्काळ दाखवितो. ठराविक मजकूर एक कळ दाबतांच मोर्स लिपींत जातो.

समजा, पहिला रेडिओ १५ मीटरवर हाक देत आहे. इतक्यांत २० मीटरवर नवें केंद्र ऐकूं आलें. चालक तें नांव दुसऱ्या खिडकींत टिपून ठेवतो. हाक संपली, कीं आधीं पहिल्याकडे कान देतो. तेथें कोणी उत्तर दिलें, तर त्याचें संभाषण प्रथम. कारण ज्यास आपण बोलाविलें त्यास तिष्ठत ठेवणें शिष्टपणाचें नव्हे. कोणी न आल्यास एका कळीनें तो दुसऱ्या रेडिओवर जातो व आपलें नांव पाठवितो. मात्र एकट्या स्पर्धकानें एका क्षणीं एकच लहर सोडावी, असा नियम आहे. दोन रेडिओ म्हणजे दोन तोंडें नव्हेत. एक प्रेषक चालू असतां दुसरा बंद राहील, अशी व्यवस्था संगणकाकडून करून घेतां येते.

येथें एका मोहाचा उल्लेख करणें जरूर आहे. अर्धवट ऐकलेल्या अक्षरांवरून हा प्रोग्राम स्पर्धांत नेहमीं आढळणारीं संकेतनामेंहि सुचवितो. दोन्ही कानांत गर्दी उसळली असतां, पडद्यावर दिसतें तेंच खरें मानून पुढें जावें, असें मनांत येतें. परंतु संगणक तें केंद्र ऐकत नसतो. ऐकणारे कान आपलेच. संशय आल्यास पुन्हां विचारावें; दोन-तीन सेकंद गेले तरी चालतील. स्पर्धेनंतर सर्वांच्या नोंदी एकमेकींशीं ताडून पाहिल्या जातात. चुकीचें नांव आढळल्यास तें संभाषण रद्द होतें, आणि वर दंड म्हणून आणखी गुण कापले जातात.

ज्यांस ही विद्या शिकावयाची आहे, त्यांनीं आरंभीं परवाना मिळवून एकच रेडिओ नीट चालविण्यास शिकावें, मोर्स लिपी कानांत मुरवावी, आणि मगच दुसऱ्याकडे वळावें. पालकांनींहि या छंदास केवळ खेळ समजूं नये. त्यांत भूगोल, गणित व विद्युच्छास्त्र यांचा अभ्यास आपोआप घडतो. परंतु नवशिक्यानें पहिल्या दिवसापासून एक नियम पाळावा: जें स्वतःच्या कानांनीं ऐकलें, तेंच नोंदींत लिहावें.