अर्ध्या गोळीचे गणित

रक्ताच्या कर्करोगावरील ‘मरकॅप्टोप्युरीन’ हे औषध मुलांना शरीराच्या पृष्ठफळावरून देतात. समजा, मिरजगावच्या एका मुलाचे पृष्ठफळ ०.७ चौरस मीटर आहे आणि डॉक्टरांनी चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम मात्रा ठरवली. म्हणजे रोज ३५ मिलिग्रॅम. गोळी मात्र ५० मिलिग्रॅमची! अर्धी दिली तर रोग उलटण्याचा धोका. पूर्ण दिली तर रक्तपेशी फार घटून जंतुसंसर्गाचा धोका. शिवाय मोडलेल्या गोळीची भुकटी घरच्यांच्याही श्वासात जाते. २०२५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने बंगळूरच्या एका कंपनीसह मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असलेले पातळ औषध आणले. बाटली हलवून बिनसुईच्या पिचकारीने ३.५ मिलिलिटर मोजावे. घरचा चमचा वापरू नये. गोळी असो वा पातळ औषध, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा बदलू नये.